ट्रिगर सोडला, तरी पेंटबॉल मार्कर थांबेना! अपग्रेडनंतर नेमकं काय बिघडतं?

पेंटबॉल मार्करमध्ये हौसेने जास्त कडक मेन स्प्रिंग बसवली, ट्रिगर एकदाच ओढला आणि मार्कर धडाधड सुटतच राहिला. संशय ट्रिगरवर जातो. पण अनेकदा खरं कारण गॅसच्या जोरात असतं.

'टिपमन ९८ कस्टम'सारख्या ब्लोबॅक मार्करमध्ये हॅमर पुढे येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. सुटलेल्या गॅसपैकी काही रंगाची गोळी ढकलतो, काही हॅमरला मागे रेटतो. मागे 'सिअर' नावाचा खटका त्याला अडकवतो. स्प्रिंग कडक आणि गॅस कमी, असं झालं की हॅमर खटक्यापर्यंत पोहोचतच नाही. अर्ध्यातून उलटतो आणि पुन्हा व्हॉल्व्ह उघडतो. कार्बन डायऑक्साइडची टाकी संपत आली किंवा सलग फायरिंगने थंड पडली, तरी हेच होतं.

म्हणून आधी भरलेली टाकी लावून पाहा. फरक नाही? जुनी स्प्रिंग परत बसवा. तरीही तेच असेल, तर बोल्टची ओ-रिंग आणि सिअरची झिजलेली कड तपासा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर दोष कशाचा होता ते कळणारच नाही.

उघडण्यापूर्वी मास्क घाला, बॅरल कव्हर लावा. हॉपर आणि टाकी काढा, उरलेला गॅस सुरक्षित दिशेला सोडा. चेहऱ्यावर मास्क नसताना सुटलेली एक गोळी डोळा घालवू शकते.

कडक स्प्रिंगने वेग वाढतो खरा, पण मैदानावर साधारण सेकंदाला ३०० फुटांच्या वर परवानगीच नसते. त्यामुळे दुरुस्तीनंतर क्रोनोग्राफवर वेग मोजूनच खेळायला उतरा.