मोटारीच्या ब्रेकांस भुकटीचा रंग

हल्लीं पुष्कळ बागाइतदारांच्या दारीं जीप अथवा मालवाहू गाडी असते. परंतु पूर्वीं बैलगाडीच्या चाकांकडे जितकें लक्ष दिलें जाई, तितकें हिच्या ब्रेकांकडे दिलें जात नाहीं. चिखलपाणी लागून चाकाआंतील कॅलिपर गंजतो. त्यास ‘पावडर कोटिंग’ करून घ्यावें काय, असें कित्येक सभासद आम्हांस विचारितात. अवश्य घ्यावें, मात्र पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या.

कॅलिपर म्हणजे ब्रेक-ऑईलच्या दाबानें दोन पॅड फिरत्या डिस्कवर आवळणारा, बहुधा बिडाचा, चिमटा होय. रंगापूर्वीं त्यांतील पिस्टन, रबरी सील, पिना व निपल हीं सर्व काढावीं; कारण भट्टींत रबर खराब होतें. मग वाळूच्या झोतानें गंज काढून तो एकवार नुसताच तापवावा. बिडांत मुरलेलें तेल राहिल्यास रंगावर फोड येतात. विजेचा भार दिलेली भुकटी धातूस चिकटते, आणि सुमारें १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेंत १० ते २० मिनिटें राहिल्यानें वितळून पक्की होते. हा काल धातु तितका तापल्यापासून मोजावा.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही आपल्या जीपचे कॅलिपर रंगवून आणिले. तांबडा रंग पाहून संतोष वाटला. चार कोस गेलों नाहीं तोंच जळका वास आला. उजवें चाक हात लावूं देईना. पॅड ज्या खांचेंत सरकतात तेथेंच रंगाचा थर बसला होता, त्यामुळें पॅड सुटत नव्हते. रस्ता सपाट होता म्हणून निभावलें. घाट असता तर ब्रेक-ऑईल उकळून पेडल रितें गेलें असतें. आणि गाडींत आमचीं नातवंडें होतीं. कारागिरास बोल लावण्यापूर्वीं आमचीच चूक सांगितली पाहिजे: आम्ही रंग पाहिला, खांच पाहिली नाहीं.

आमची सारी नोकरी शेतांच्या हद्दी लिहिण्यांत गेली. रंगासही हद्द असावी. पिस्टनचें भोंक, आटे, पिनांचीं छिद्रें, पॅडांच्या खांचा व नळी आवळण्याची जागा, हीं सर्व वाळू मारण्यापूर्वींच झांकावीं, आणि भट्टीसाठीं सिलिकॉनचीं बुचें व उष्णता सोसणारी पट्टी वापरावी. जोडणी जाणत्या मेकॅनिकाकडून करवावी. सील नवीं व ब्रेक-ऑईल ताजें घालून हवा काढवावी. नंतर रिकामी गाडी कोसभर चालवून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता पहावी. गाडींत माल व मुलें बसविण्यापूर्वीं एवढें केलेंच पाहिजे.