शंभरपट परताव्याचा उपदेश

अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत दशमांश देणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय. पगार झाला की दहावा भाग पाकिटात घालून बाजूला काढायचा आणि रविवारी उपासनेत अर्पणाच्या थैलीत टाकायचा. त्यातून पाळकसाहेबांचा पगार निघतो, चर्चची गळकी कौलं बदलली जातात, कुणाकडे मयत झालं तर मदत पोचते. देणारा देवाकडे हिशेब मागत नाही. आता मोबाइलवर रोज नवा उपदेश येतो: बीज पेरा, देव शंभरपट देईल, कर्ज फिटेल, दुखणं जाईल. खालच्या पट्टीवर खातेक्रमांक असतो. हे उपदेश ऐकून मला गप्प बसवत नाही.

हा उपदेश वाढला अमेरिकेत. ओक्लाहोमाचे उपदेशक ओरल रॉबर्ट्स तंबूतल्या सभांमधून टीव्हीवर आले आणि ‘बीज-विश्वास’ ही कल्पना त्यांनी घरोघर पोचवली. पैसा म्हणजे बी, देवाला दिला की पीक येणारच. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं की ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. लोकांनी पैसे पाठवले.

टीव्ही उपदेशक जिम बेकर यांची गोष्ट तर प्रत्येक मंडळीत सांगावी अशी आहे. ते आणि पत्नी टॅमी फे यांचा ‘पीटीएल क्लब’ हा टीव्ही कार्यक्रम घराघरांत पाहिला जाई. दक्षिण कॅरोलायनात त्यांनी ‘हेरिटेज यूएसए’ नावाचं ख्रिस्ती करमणूक उद्यान उभारलं. हजार डॉलर भरा आणि जन्मभर दरवर्षी तीन रात्री आमच्या हॉटेलात राहा, अशी योजना काढली. हजारो कुटुंबांनी पैसे भरले. पूर्ण झालं ते पाचशे खोल्यांचं एकच हॉटेल. इतक्या लोकांना तिथे जागा मिळणं शक्यच नव्हतं. १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल त्यांना पंचेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि १९९४ मध्ये ते सुटले. दोन वर्षांनी आलेल्या ‘आय वॉज राँग’ या पुस्तकात त्यांनी कबूल केलं की बायबल पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचलं ते तुरुंगात, आणि समृद्धीची आपली शिकवण चुकीची होती. २००३ पासून मात्र ते पुन्हा टीव्हीवर आहेत. २०२० मध्ये चांदीचं एक द्रावण कोरोनावर उपाय म्हणून विकल्याबद्दल मिझुरी राज्याने त्यांच्यावर दावा लावला.

ह्यूस्टनचे उपदेशक जोएल ऑस्टिन पैशाची भाषा एवढी उघड बोलत नाहीत. त्यांचं लेकवुड चर्च २००५ पासून बास्केटबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये भरतं. तिथे सोळा हजार माणसं बसतात. हसरा चेहरा, आशेची वाक्यं. वधस्तंभ आणि पाप यांचा उल्लेख फार थोडा.

उपदेशकांची विमानं, गाड्या यांवर खूप लिहिलं जातं. मला त्याहून जास्त छळतं ते आजारी माणसाला दिलं जाणारं उत्तर. देव देणारच असेल आणि मिळालं नाही, तर दोष कुणाचा? उपदेशक म्हणतो, तुझ्या विश्वासाचा. आमच्या मंडळीतल्या एका काकूंनी मुलाच्या किडनीच्या दुखण्यात पेन्शनमधून असं ‘बीज’ पाठवलं. मुलगा गेला. कळवायला फोन केला तर पलीकडून सांगितलं, तुमच्या मनात शंका होती. मुलगा गेल्याच्या दुःखात त्या बाईच्या डोक्यावर अपराधाचंही ओझं आलं. बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी त्याच्याशी हेच केलं होतं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. पवित्र शास्त्रात हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

केट बोलर या इतिहासकार बाईंनी अमेरिकेतल्या या समृद्धीच्या उपदेशाचा इतिहास २०१३ मध्ये पुस्तकरूपात मांडला. दोनच वर्षांनी, पस्तिसाव्या वर्षी, त्यांना आतड्याचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर निघाला. आजारपणावरच्या त्यांच्या पुढच्या पुस्तकात त्या सांगतात की प्रत्येक दुःखाला कारण असतंच, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याला किती दुखावलं.

आमच्या नगरनेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा माणूस पाहिला आहे. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. पैशावर न टेकणाऱ्या श्रद्धेचा नमुना शोधायला मराठी ख्रिस्ती माणसाला ह्यूस्टनपर्यंत जायला नको.

म्हणून माझं वाचकांना सांगणं आहे: मोबाइलवर कुणी बीज मागितलं तर आधी त्या संस्थेचा लेखापरीक्षित हिशेब मागा. तो मिळाला नाही तर पैसे पाठवू नका. शेजारच्या आजारी माणसाच्या औषधाचं बिल भरा.