सवय, सोय आणि सेवा : धम्मातील आरोग्यविचार

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे मूळचे एक लहानसे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आकार घेऊ लागली आणि कालांतराने खारघर उपनगराने या गावाला वेढून टाकले. २०१६ साली खारघर परिसर नव्याने स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत आला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोचे एक स्थानक तर 'बेलपाडा' या नावानेच ओळखले जाते. खारघरमध्येच प्रशस्त उद्यान आहे, टेकड्या आहेत आणि टाटा स्मारक केंद्राची कर्करोगविषयक 'ॲक्ट्रेक' ही संस्थाही आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्यास निरोगी राहण्यासाठी आणखी काय हवे, असे कोणासही वाटेल.

परंतु जवळ जाऊन पाहिले म्हणजे निराळे चित्र दिसते. चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी दुपार टळल्यावर पहिला घास घेते. सुरक्षारक्षकाचे काम करणारा बांधव बारा-बारा तास एका जागी उभा असतो किंवा बसून असतो. मुलाबरोबर गावाहून आलेले वृद्ध मातापिता दिवसभर एका खोलीत असतात आणि शेजारच्या दारामागे कोण राहते हे त्यांना ठाऊक नसते. सोयी जवळ आल्या, पण आरोग्य जवळ आलेच असे नाही. याचे कारण शोधू गेल्यास विनयपिटकाचे साहाय्य होते, असा आमचा अनुभव आहे.

धम्म आणि शरीर

धम्म हा केवळ मनाचा विचार आहे, शरीराचे काय ते वैद्याने पाहावे, असा समज आपल्यापैकी अनेकांचा असतो. वस्तुतः धम्मपदाच्या सुखवग्गात आरोग्याला सर्वश्रेष्ठ लाभाचे स्थान दिलेले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांविषयी एक स्वतंत्र खंधक आहे, आणि स्नान, दंतधावन, पाणी गाळणे, चालणे अशा साध्या गोष्टींची तेथे कमालीच्या बारकाईने चर्चा केलेली आढळते.

चुल्लवग्गातील एक प्रसंग पाहावा. वैशालीत उपासकांकडून भिक्षूंना पक्वान्नांचे भोजन मिळू लागले. परिणामी भिक्षूंची शरीरे जड झाली व ते आजारी पडू लागले. त्यावेळी काही कामानिमित्त वैशालीस आलेला सुप्रसिद्ध वैद्य जीवक याने हे पाहिले. त्याने भगवंतांकडे औषधाची नव्हे, दोन सोयींची अनुज्ञा मागितली : चालण्यासाठी चंक्रमणाची जागा आणि उष्ण स्नानासाठी जंताघर. भगवंतांनी ती दिली. पुढील तपशील फार बोलका आहे. चंक्रमणाची जागा उंचसखल होती, भिक्षूंचे पाय दुखू लागले. तेव्हा ती सपाट करण्याची अनुज्ञा झाली. चालताना भिक्षू पडू लागले. तेव्हा कठडा बांधण्यात आला. थंडी व उन्हाचा त्रास होऊ लागला. तेव्हा छप्पर घालून चंक्रमणशाळा उभी राहिली.

'चालत जा' एवढा उपदेश करून तथागत थांबले नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पायाखालची जागा सपाट आहे की नाही, हेही त्यांनी पाहिले. सवय लावावयाची तर तिला सोय लागते, आणि सोय निर्माण करणे व ती अशक्तापर्यंत पोहोचविणे ही सेवा होय. आमच्या मते धम्मातील आरोग्यविचाराचे सार या तीन शब्दांत आहे.

नित्याच्या सवयी

आहारापासून आरंभ करू. संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. तो द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भोजनात मात्रा जाणणाऱ्याचे शरीर हलके राहते, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी त्यास ऐकविली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास सांगितले व रोज भोजनसमयी ती म्हणून दाखविण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. राजालाही सवय बदलण्यासाठी आठवण देणारा माणूस लागला! आपल्या घरी मीठ, साखर व तेल कमी करावयाचे असेल तर ते एकट्या गृहिणीवर टाकून चालणार नाही. ताटावर बसणाऱ्या प्रत्येकाने सुदस्सन व्हावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतील मीठही याच हिशेबात धरावयाचे असते.

दुसरी सवय चालण्याची. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, परिश्रमाची शक्ती वाढते, आरोग्य लाभते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. आजचे वैद्यकशास्त्र प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करण्यास सांगते. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपाझप चालले तरी हे साधते.

तिसरी सवय दात व तोंड यांच्या स्वच्छतेची. दंतकाष्ठ न वापरल्याने होणारे पाच तोटे भगवंतांनी सांगितले आहेत. तोंडास दुर्गंधी येणे व अन्नाची चव न लागणे हे त्यांपैकी दोन. येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आपल्या समाजातील अनेक माताभगिनी आजही मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. दाढदुखी थांबते, भूक दबते म्हणून ती सुरू होते व पुढे सुटत नाही. तंबाखू चघळण्याने वा हिरड्यांस चोळण्याने मुखकर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु मिश्रीचा डबा घरातच तयार होतो, तेथे कोणता कायदा पोहोचणार? त्या भगिनीस दोष देण्याऐवजी तिची दाढ दंतवैद्यास दाखविणे आणि तिला वेळेवर दोन घास मिळतील असे पाहणे, हाच खरा उपाय आहे.

मद्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. पंचशीलातील पाचवे शील आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर घेतलेली मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आपण सर्व जाणतो. एवढेच म्हणू की ज्यास व्यसन जडले आहे तो तिरस्कारास नव्हे, उपचारास पात्र आहे.

पाणी : कोणी अडविले, कोणी दिले

चुल्लवग्गात पाणी गाळण्याच्या वस्त्राची, म्हणजे परिस्सावनाची, एक हृदयद्रावक कथा येते. कोसल देशात दोन भिक्षू प्रवास करीत होते. वाटेत त्यांच्यात वितुष्ट आले. एकाजवळ गाळणे होते, दुसऱ्याजवळ नव्हते. दुसऱ्याने पाणी पिण्यासाठी ते मागितले. पहिल्याने दिले नाही. तो भिक्षू तहानेने मरण पावला. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की प्रवासात सोबत्याने गाळणे मागितल्यास ते नाकारू नये. पाणी नाकारणे म्हणजे प्राण नाकारणे होय.

हा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या रायगड जिल्ह्यात बेलपाडा आहे, त्याच, पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो समतेचा संगर होता; त्याचबरोबर सार्वजनिक पाण्यावर, म्हणजेच जगण्याच्या पहिल्या साधनावर, प्रत्येकाचा हक्क आहे याची ती घोषणा होती.

पाणी देण्याची परंपराही याच भूमीतील आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ठिकठिकाणी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. तेथील शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले असून कल्याण, सोपारा येथील गृहस्थांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे अवशेष मिळाले. त्याच मालिकेतील दुसऱ्या लेखात माणसांसाठी व पशूंसाठी चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी आणि वृक्ष यांचा निर्देश आहे. वाटसरूने पाणी प्यावे ही सवय. वाटेवर विहीर असावी ही सोय.

या पार्श्वभूमीवर एका दुःखद घटनेचे स्मरण होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. महाडचा क्रांतिदिन २० मार्चला येतो, भीमजयंती १४ एप्रिलला, आणि बुद्धपौर्णिमा वैशाखात. आपले तीन मोठे उत्सव उन्हाळ्यातच आहेत. म्हणून मिरवणुकीचा मार्ग ठरविताना सावली व पाणी यांचा विचार आधी व्हावा. दुपारची वेळ टाळावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस उपाशीपोटी उन्हात नेऊ नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातले की जलसंजीवनी तयार होते. ती प्रत्येक कार्यकर्त्यास करता यावी. ज्याचे अंग तापले आहे व जो असंबद्ध बोलू लागला आहे, त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

रुग्णसेवा

महावग्गातील अतिसाराने पीडित भिक्षूची कथा सर्वज्ञात आहे, तरी तिच्यातील एका वाक्यावर आपण पुरेसे थांबत नाही. तो भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारले. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी शुश्रूषा करीत नाहीत, असे तो म्हणाला. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. भगवंतांनी मस्तकाकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. नंतर संघास एकत्र करून ते म्हणाले त्याचा आशय असा की, तुम्हांस येथे सेवा करावयास माता नाही, पिता नाही. तुम्ही परस्परांची सेवा न केल्यास ती कोण करणार?

घर सोडून आलेल्या भिक्षूंना उद्देशून हे सांगितले गेले. आज बेलपाड्यासारख्या वस्तीत जे राहतात, त्यांपैकी कितीतरी जण मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथील आपली घरे सोडून आलेले आहेत. त्यांच्याही उशाशी माता नाही, पिता नाही. म्हणून तथागतांचा तो प्रश्न आज आपल्यालाच विचारला जात आहे, असे आम्ही मानतो.

उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण अंगुत्तरनिकायात आहेत : औषध देता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्मकथेने रुग्णास धीर देणे. रुग्णाचेही पाच गुण आहेत : पथ्य पाळणे, मात्रा जाणणे, औषध घेणे, आपला आजार खराखुरा सांगणे आणि वेदना सहन करणे. यांतील चौथ्या गुणाचा आपल्याकडे मोठा अभाव आहे. मधुमेह लपविला जातो, मनाचा आजार तर बोललाच जात नाही. याच महाराष्ट्रात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्यांच्या वारसदारांनी आजाराची लाज बाळगण्याचे कारण नाही.

उपलब्ध सेवा आणि विहाराचे कार्य

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाचे समर्थन करताना मातेच्या विश्रांतीस राष्ट्रहिताचा प्रश्न मानले आणि तिचा भार शासन व मालक यांनी उचलावा अशी भूमिका घेतली. मजुरी बुडत असेल तर विश्रांतीचा उपदेश व्यर्थ ठरतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. म्हणून शासकीय आरोग्यसेवा ही कोणाची कृपा नाही. तिचा उपयोग करून घेणे हा आपला अधिकार आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेह, तसेच मुखाचा आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशयमुख यांचा कर्करोग, यांसाठी तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतून केली जाते. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो; म्हणून बरे वाटत असतानाच तो मोजावयाचा असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मनाच्या व्याधीसाठी १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' सेवेतून विनामूल्य सल्ला मिळतो.

विदर्भातून आलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार तेथील आदिवासी बांधवांप्रमाणेच बौद्ध समाजातही आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. विवाहापूर्वी पत्रिका पाहण्याची प्रथा आपण टाकली, ते योग्यच झाले. तिच्या जागी रक्ततपासणीचा कागद पाहण्याची प्रथा सुरू करावी. ज्यास हा आजार आहे त्याने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत आणि औषध खंडित करू नये.

या सर्वांत विहाराने काय करावे? फार खर्चाचे काही नाही. रविवारच्या वंदनेनंतर रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र ठेवावे. वस्तीतील एकट्या वृद्धांची व दीर्घकाळ आजारी असलेल्यांची एक वही करावी आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्या दारी जावे. रुग्णालयात जाणाऱ्या अशिक्षित भगिनीबरोबर एक शिकलेला तरुण पाठवावा, म्हणजे कागदपत्रांसाठी तिला माघारी यावे लागणार नाही. सकाळी चालावयास जाणाऱ्यांनी वाटेतल्या घरी हाक मारून एकाला तरी सोबत घ्यावे.

वंदनेस नेहमी येणारा एखादा उपासक सलग दोन रविवार दिसला नाही, तर तिसऱ्या रविवारची वाट न पाहता त्याच्या घरी जाऊन यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.