जाम बोल्ट

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी मारुती ८०० पुढून उचललेली आहे. काढलेलं डावं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवलंय. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. त्याशिवाय मिस्त्री कुणाला खाली हात घालू देत नाहीत.

लोअर आर्मचा बुश गेलाय. खड्ड्यात खटखट वाजतं, टायर आतून घासतोय. मालक शेतकरी आहेत. कापसाची वेचणी तोंडावर आलीय, गाडी त्यांना आजच हवी.

नट निघालाय, बोल्ट निघत नाही. मिस्त्री रिंग पान्याला पाईप अडकवून जोर लावतात. बोल्ट जरासा फिरतो आणि हात सैल होताच मागे येतो.

"थो बोल्ट नाई फिरून राह्यला, रबर पिळून राह्यलं," ते हाताखालच्या पोराला दाखवतात.

बुशच्या मधल्या लोखंडी नळीत बोल्ट गंजून एकजीव झालाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन्हींमधली बारीक फट भरली की तो पाचरीसारखा आवळत जातो. मिस्त्री पेचकसाने आर्मच्या खोबणीतला चिखल खरवडतात. वरचा थर पांढुरका, कोरडा. आतला काळा आणि अजून ओला. पावसाळाभर गाडी पांदणीने शेतात गेलीय. कापसाला जगवणारी काळ्या मातीची ओल इथे लोखंड खात बसलीय.

तारेच्या ब्रशने घासून तेल सोडलं जातं. चहा होतो. मग नट पुन्हा टोकाशी चढवून त्यावर हातोडा. थेट बोल्टवर मारला तर आटे चेपतात. ठण, ठण. काही नाही. ब्रेकच्या होजवर ओलं गोणपाट टाकून गॅसचा टॉर्च पेटतो, पोरगा पाण्याची बादली घेऊन उभा राहतो. रबराचा काळा धूर डोळ्यांत जातो. पुन्हा हातोडा. बोल्ट तसाच.

"मोठा घण आणू का?" पोरगा विचारतो.

"नाई. ब्रॅकेट वाकलं त चाकाचं गणितच बिघडते. बोल्ट नवा भेटते, ब्रॅकेट बॉडीलेच आहे. आता कापाच लागते."

हा नकार मला साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. हातात ताकद आहे, मालकाची घाई आहे, तरी हात थांबतो.

ग्राइंडरची पातळ डिस्क बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत शिरते. ठिणग्या पायांवर उडतात. एक बाजू, मग दुसरी. आर्म सुटून मिस्त्रींच्या हातात येतो. ब्रॅकेटवर चरासुद्धा नाही. ते त्यावरून अंगठा फिरवून खात्री करतात.

मारुती ८०० बनणं २०१४ मध्येच थांबलं, पण नवा बुश-बोल्ट यवतमाळातून आणून ठेवलाय. बोल्टच्या दांड्याला ग्रीस चोपडून मिस्त्री तो आत सरकवतात. पोरगा लगेच पाना उचलतो.

"आत्ता नोको आवळू. चाक लाव, गाडी खाली टेकव, मंग. लटकत असतानी आवळलं त खाली येताच रबर पिळते, अन् नवा बुशही लवकर जाते."

पोरगा पाना ठेवून चाक ओढतो. मालक खिशातला फोन काढून घरी सांगतात, तासाभरात येतो.