दर्पण ते विश्वकोश : वाचनसुलभ मराठी गद्याची घडण

मोडी लिपीत लिहिताना आधी आडवी रेघ ओढत आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता तिच्याखाली अक्षरे उतरवत. शब्दांमध्ये मोकळी जागा नसे, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. वाक्य कोठे संपले, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच दप्तरातले होते, तोवर हे निभावले. छापखाना आला, वाचक अनोळखी झाला आणि त्याची सोय पाहणे लिहिणाऱ्यावर येऊन पडले.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघाले, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. पानाचे रूप मात्र पालटले ते विरामचिन्हांनी. सरकारी शाळांची पाठ्यपुस्तके तपासणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीत रुजवली. ही चिन्हे आज इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्यांचे मोल ध्यानात येत नाही. देवनागरीत केवळ दंडावर भागवणाऱ्या भाषेला त्यांनी वाक्याच्या आतही थांबायला जागा दिली. १८७४ पासून ‘निबंधमाला’ या मासिकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लिहिलेली पल्लेदार वाक्ये स्वल्पविराम-अर्धविरामांवाचून वाचकाला पेलली नसती.

लेखनाचे नियम ठरायला पुढे बराच काळ लागला. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये मान्य झाले. ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे शब्दाची व्युत्पत्ती दाखवणारी एक खूण हरवली, हे खरे. पण उच्चार आणि अक्षर जवळ आले आणि मुद्रितशोधकाला बोट ठेवायला आधार मिळाला.

या सगळ्याची खरी कसोटी लागली वाईत, मराठी विश्वकोशाच्या कामात. असंख्य लेखकांच्या नोंदींतून एकसारखे, सामान्य वाचकाला समजणारे गद्य घडवायचे होते. एकच संज्ञा दहा जणांनी दहा तऱ्हांनी वापरली, तर नंतरचे संपादन कितीही कसून केले तरी गोंधळ निस्तरत नाही. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या काळात यावर जो उपाय झाला, तो मराठी संपादनातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय म्हणावा लागेल : पारिभाषिक संज्ञांचा अठरावा खंड १९७३ मध्ये आधी छापला गेला आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला.