मुलांसह वेरूळ-अजिंठ्याची सहल : एक अनुभव

सुटी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत होऊ लागतात. गाड्यांची वेळापत्रके चाळली जातात, फराळाचे डबे भरले जातात आणि पाहावयाच्या स्थळांची एक लांबलचक यादी तयार होते. त्या यादीत घरातील लहान मुलाची सोय मात्र क्वचितच विचारात घेतलेली असते. आमच्याही घरी गेल्या दिवाळीच्या सुटीत असेच झाले. त्यातून आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल अशा आशेने येथे सांगत आहो.

छत्रपती संभाजीनगर हे आमच्या वहिनींचे माहेर. 1610 साली मलिक अंबराने खडकी येथे वसविलेले हे शहर औरंगाबाद या नावाने कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे होते. 2023 पासून त्याचे नाव अधिकृतपणे बदलले. येथे मुक्काम ठेवून रोज सकाळी निघावे आणि दिवेलागणीस परतावे, अशी सोय फार थोड्या शहरांत असेल. देवगिरी अवघ्या पंधरा किलोमीटरांवर, त्याच रस्त्याने पुढे खुलदाबाद आणि तीस किलोमीटरांच्या आत वेरूळ. दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठण. आणि ईशान्येस शंभर किलोमीटरांवर अजिंठा. दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची कन्या आणि आम्ही उभयता असे पाच जण पुण्याहून तेथे गेलो.

दादांचा स्वभाव हिशेबी. देवगिरी, खुलदाबादचा भद्रा मारुती, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि परतताना बीबी का मकबरा, ही पाचही स्थळे पहिल्याच दिवशी उरकण्याचा त्यांनी बेत केला. आम्हीही त्यास मान डोलाविली, हे येथे कबूल केले पाहिजे.

सकाळी निघावयास दहा वाजले. देवगिरीचा खंदक आणि बुरूज पाहून छोटी हरखून गेली. परंतु अंधारीच्या वाटेत वटवाघळांचा वास येताच तिने वहिनींचा पदर घट्ट धरला. दादांना वरचे टोक गाठावयाचेच होते. भर दुपारच्या उन्हात शेकडो पायऱ्या चढून आम्ही उतरलो तेव्हा बरोबर आणलेले पाणी संपले होते आणि छोटीचा चेहरा लालबुंद झाला होता. वेरूळला पोहोचताच तिला वांती झाली. ज्या कैलासाच्या दर्शनासाठी एवढा प्रवास केला, त्याच्या दारात ती दादांच्या खांद्यावर ग्लानीत पडली होती. पुढील सारे बेत सोडून आम्ही तसेच परतलो. रात्री तिला ताप भरला.

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी ताप उतरला, पण छोटीने निक्षून सांगितले, "मला आता कुठ्ठेच न्यायचे नाही." दादा म्हणाले, पुण्याची तिकिटे काढू. तेव्हा वहिनींच्या मातोश्री माई आपल्या जावयांस शांतपणे म्हणाल्या, "पोर तुमच्या पायांनी चालली, म्हणून आजारी पडली. आता दोन दिवस तुम्ही तिच्या पायांनी चाला आणि मग काय ते ठरवा."

माईंच्या सांगण्यावरून नवा बेत ठरला. एका दिवशी एकच स्थळ. सकाळी सातला निघावयाचे. आणि मूल 'पुरे' म्हणेल तेथून मागे फिरावयाचे. एक संपूर्ण दिवस विश्रांतीत घालविल्यावर आम्ही केवळ शहरातील पाणचक्की पाहिली. दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांनी येथवर आणून, त्याच्या धारेच्या बळावर पीठ दळण्याचे जाते फिरविण्याची ही योजना. जाते कोण ओढत असे, हा छोटीचा पहिला प्रश्न. पाणी ओढते, हे ऐकून ती हौदाच्या काठी किती तरी वेळ बसून राहिली. दादांनी घड्याळ खिशातच ठेविले.

मग वेरूळ. येथे एकूण चौतीस लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. आम्ही त्यांपैकी दोनच पाहिली. दहाव्या लेण्यात, ज्यास लोक सुताराची झोपडी म्हणतात, दगडी छतास लाकडी वाशांसारखे वासे कोरलेले आहेत; ते मोजण्यात छोटीचा अर्धा तास गेला. त्यानंतर सोळावे, म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी हे मंदिर कळसापासून पायापर्यंत, म्हणजे वरून खाली, एका अखंड खडकात कोरले गेले, असे आम्ही तिला सांगितले. तिने सभोवतीच्या उभ्या कड्यांकडे पाहिले आणि विचारले, "काका, मग मधले दगड कुठे टाकले?" फोडून काढलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा, असा अंदाज सांगतात; त्याचे पुढे काय झाले, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतक्या वेळा वेरूळ पाहूनही हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता. नंतर जवळच घृष्णेश्वराचे दर्शन घेतले आणि दुपारच्या जेवणास घरी आलो.

अजिंठ्याचा दिवस मोठा. म्हणून त्याच्या आधी पुन्हा एक दिवस मोकळा ठेविला. आदल्या रात्री माईंनी छद्दंत हत्तीची कथा सांगितली : सहा सुळ्यांचा गजराज, आणि सुळे नेण्यास आलेल्या व्याधास ते स्वतःच देऊन टाकणारे त्याचे मन. ही जातककथा दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत चितारलेली आहे. लेण्यांतील अंधारास डोळे सरावू द्यावे लागतात. मोठी माणसे घाई करीत असताना छोटी भिंतीजवळ स्तब्ध उभी राहिली आणि तिनेच सर्वांच्या आधी हत्ती ओळखले. सव्विसाव्या लेण्यात बुद्धांची महापरिनिर्वाणाची पहुडलेली मूर्ती पाहून तिने आवाज खाली आणला, जणू कोणाची झोपमोड होईल. पैठण राहून गेले. त्याचे कोणासही वाईट वाटले नाही.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असतो. त्यानुसार वार आधी बांधावेत. अजिंठ्यास खाजगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबतात आणि पुढे बसने जावे लागते. तो वेळ हिशेबात धरावा. मुलासह देवगिरी चढावयाचा असल्यास सकाळीच चढावा, आणि अंधारीपाशी मूल भ्याले तर तेथूनच परतण्यात कमीपणा मानू नये. पाणी, टोपी आणि दहीभात सोबत असावा. वैशाखातील उन्हात मुलांस नेऊच नये. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम.

पुण्यास परतल्यावर आठवड्याने बाबांची अंघोळीची नवी वडी नाहीशी झाली. शोध घेता ती छोटीच्या हाती सापडली. खिळ्याने वरून खाली कोरून तिचे देऊळ करण्याचे काम चालू होते, आणि निघालेला भुगा एका वाटीत नीट जमविलेला होता. "हे मधले दगड," ती म्हणाली, "मी टाकले नाहीत." बाबा रागावण्यासाठी आले होते, ते तेथेच मांडी घालून बसले आणि कळस कोठून सुरू केलास, ते विचारू लागले.