आज्ञावलीस टिपांची जोड

संगणकाची स्मृती व जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीच्या गाभ्यास 'कर्नेल' म्हणतात. त्यातील ओळी यंत्र पाळते. त्या तशाच का लिहिल्या, हे मात्र पुढील वाचकास टिपेवाचून उमगत नाही. १९७५ च्या 'युनिक्स' कर्नेलमध्ये एका अवघड जागी, हे तुम्हांस समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची टीप होती. तेथील युक्ती पुढे दुसऱ्या जातीच्या यंत्रावर फसली. आपणांसही ती नीट कळली नव्हती, असे कर्ते डेनिस रिची यांनी मान्य केले. ऑस्ट्रेलियातील अध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ पर्यंत विद्यार्थ्यांसाठी या कर्नेलच्या सुमारे ९,००० ओळींवर भाष्य लिहिले. त्याच्या छायाप्रती हातोहात पसरल्या. टिपेने 'काय' नव्हे, 'का' सांगावे. दुरुस्तीची वाट तेथूनच सापडते.